तोंडातली चूक

प्लेटवर काही उगवलं नाही म्हणजे जखमेत काही नाही, असं नसतं. हे जंतूबाईला कळत होतं. अडचण एवढीच होती, की सर्जनलाही ते कळत होतं आणि तो तेच फोनवरून तिच्या कानात ओतत होता.

"तुमच्या रिपोर्टात काही नाही, आणि माणसाच्या बोटात सगळं आहे! पू आहे, सूज आहे, सांधा टरारून फुगलाय. तुमचे जंतू काय संपावर गेलेत का?"

"मी नवा नमुना घेते, सर. स्वतः येते."

"या की. पण शुक्रवारी सकाळी मी ते बोट काढतोय. हाडात आणखी आत उतरलं तर पंजा जाईल. हात ठेवायचा तर बोटावर पाणी सोडावं लागेल."

तिने फोन खाली ठेवला. हॉस्पिटलच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत ती नवीनच होती. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेलं होतं, पण ते वाचायला थांबतो कोण? कुणीतरी एकदा जंतूबाई म्हणालं आणि ते चिकटलं. तिलाही ते आवडलं होतं. नाहीतरी दिवसभर ज्यांच्या संगतीत राहायचं त्यांचंच नाव लागलं, तर त्यात वावगं काय?

तिने खोक्यातून त्या रुग्णाची जुनी काचपट्टी काढली. पहिल्या दिवशी आलेला पू तिच्यावर पसरून, रंगवून ठेवलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी सरकवत ती पाहत गेली. पेशींच्या गर्दीत, नीट लक्ष दिलं तर, बारीक गुलाबी काड्या दिसत होत्या. फार नव्हत्या. पण होत्या.

"तात्या, त्या बोटाच्या पहिल्या प्लेटा कुठे आहेत?"

"टाकल्या." तात्या टेबल पुसत होता. तात्या म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना तंत्रज्ञ. त्याचा माणसांपेक्षा ब्लीचवर विश्वास जास्त. सकाळी आल्यावर टेबलं पुसायची, जेवायच्या आधी पुसायची, जेवल्यावर पुसायची. त्याच्या डब्यातल्या पोळीलाही ब्लीचचा वास येतो, असं म्हणत. "दोन दिवसांत काही आलं नाही की टाकायच्या. नियमच आहे. इन्क्युबेटरमध्ये जागा नको?"

"पट्टीवर जंतू दिसतोय, तात्या. प्लेटवर नाही आला. मग खोटं कोण बोलतंय?"

"पट्टीवर मेलेले पण दिसतात, मॅडम."

"दिसतात. पण बोट रोज सुजतंय. मेलेला एवढा धिंगाणा घालत नाही." तिने खुर्ची मागे सारली. "पाहुणा घरात आलाय, जेवत मात्र नाही. म्हणजे तो उपाशी राहायला आलेला नाही, आपण वाढलंय ते त्याला चालत नाही. आणि पानावर बसतो न बसतो तोच आपण त्याला उठवून लावलं."

तात्या हसला. "बरं, मग त्याला काय वाढू? पुरणाचं काही हवंय का?"

"चॉकलेटची प्लेट काढा. आणि मेणबत्तीची बरणी."

चॉकलेटच्या प्लेटमध्ये चॉकलेट नसतं, हे प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्या प्रत्येकाला एकदा हिरमुसलं होऊन कळतं. तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं ते. आणि मेणबत्तीची बरणी म्हणजे अगदी नावासारखीच गोष्ट. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेटा ठेवायच्या, वर पेटती मेणबत्ती, आणि झाकण घट्ट लावायचं. ज्योत आपोआप विझते आणि आतली हवा थोडी कोंदट होते. काही जंतूंना असल्या कोंदट हवेतच बरं वाटतं. तात्या बरणी शोधायला कपाटात शिरला आणि ती वॉर्डात गेली.

वॉर्डाच्या खिडकीपाशी सोफावाले काका बसले होते. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या गाद्या यांवर कापड आणि रेक्झीन चढवणं हा त्यांचा धंदा. दणकट माणूस, पण बोलणं असं की प्रत्येक शब्दाला कर लागतो. डावा हात उशीवर उंच ठेवलेला. तर्जनीच्या मुळाशी, मूठ वळली की जो उंचवटा पुढे येतो नेमका तिथे, सूज लाल-जांभळी झाली होती. काकू शेजारी स्टुलावर बसून नवऱ्याच्या वाटचं बोलत होत्या.

सर्जन पट्टी सोडत होता. "काका, आधी विचारलंय, परत विचारतो. ही जागा मुठीची आहे. ठोसा मारला, समोरच्याचा दात लागला, की नेमकं इथे लागतं. मारामारी झाली का?"

काकांनी ओठ मिटूनच नकाराची मान हलवली. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "बारीकशी चूक होती, साहेब. नडली."

सर्जनने जंतूबाईकडे पाहून भुवया उडवल्या. ऐकलंत ना?

"ह्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही," काकू उसळल्या. "माशीसुद्धा मारत नाहीत. मारली असती तर घरात माशा जरा कमी असत्या!"

"मग चूक कसली म्हणतायत ते?"

"त्यांना विचारा. मी काय दुकानात जाऊन बसते?"

काका पुन्हा म्हणाले, "लहानशीच होती. आत शिरली."

जंतूबाई जवळ गेली. तिला एक गोष्ट खटकत होती. "काका, तुम्ही डावखुरे आहात?"

"नाही."

उजव्या हाताचा माणूस भांडताना डाव्या हाताने ठोसा का मारेल? तिने हा प्रश्न मनात बाजूला काढून ठेवला. मग तिने विचारलं, "या बोटाने तुम्ही काय काम करता?"

काकांनी उत्तर दिलं नाही, करूनच दाखवलं. निरोगी उजव्या हाताने पलंगाची चादर कडेशी ताणली आणि तर्जनी कडेखालून हळूच फिरवली. "हा हात हातोडीचा. तो कुणाचाही चालतो. पण कापड ताणायचं आणि असं तपासायचं ते डाव्याने. सुरकुती डोळ्यांना दिसत नाही. ह्या बोटाला दिसते."

एवढं लांबलचक बोलून झाल्यावर ते थकल्यासारखे गप्प झाले. काकूंनी पदराने नाक पुसलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. शुक्रवारचं त्यांनाही ठाऊक होतं.

ड्रेसिंगच्या खोलीत सर्जनने जखम उघडून धुतली. जंतूबाईने वरवरचा पू घेतलाच नाही. वर सगळ्या गावचे जंतू जमलेले असतात, गुन्हेगार तळाशी असतो. सांध्यालगतच्या पेशींचा एक दाणा तिने बाटलीत घेतला आणि ती बाटली हातात धरूनच खाली आणली. लिफ्टची वाट पाहिली नाही.

मेणबत्ती पेटली, ज्योत विझली, बरणी इन्क्युबेटरमध्ये गेली. झाकणावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मला विचारल्याशिवाय टाकू नये.' त्याखाली तात्याने बारीक अक्षरांत लिहिलं: 'बरं.'

दुसऱ्या दिवशी काही नव्हतं. खरं म्हणजे होतं, पण इतकं पुसट की प्लेट दिव्याखाली तिरकी केल्यावरच मातीवर दव पडल्यासारखं काही चमकायचं. तिने बरणी पुन्हा बंद केली. धीर धरणं हाही प्रयोगाचाच भाग असतो. तो तिला शिकवावा लागला नव्हता.

गुरुवारी सकाळी तिने बरणी उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तात्या! निदान मी प्लेट वाचत असताना तरी पुसत जाऊ नका. नाकात झिणझिण्या येतात."

तात्या दारातून म्हणाला, "काय पुसतोय?"

"ब्लीचचा भपका सुटलाय सगळा."

"मॅडम, ब्लीच काल संपलं. भांडारातून अजून आलेलं नाही. आज टेबलाला हात लावलेला नाही मी. मलाच चैन पडत नाहीये."

जंतूबाईने हातातल्या प्लेटकडे पाहिलं. प्लेट नाकाशी न्यायची नाही, हे पहिल्या वर्षी शिकवतात आणि ती ते पाळत असे. पण वास स्वतःहून चालत आला, तर नाक कुठे ठेवणार? तिने झाकण लावलं. वास मंदावला. किंचित उघडलं. आला. जिथे बारमाही ब्लीच फिरतं, त्या खोलीत हा वास किती वेळा येऊन गेला असेल आणि प्रत्येक वेळी तात्याच्या नावावर खपला असेल, कोण जाणे.

तिने भिंग घेतलं. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपका आपापल्या खड्ड्यात बसलेला. जणू प्लेट पोखरून त्याने स्वतःपुरतं घर केलं होतं.

"तात्या, इकडे या. खड्डे दिसतात?"

तात्याने डोळा लावला. "आयला. उकरलंय की."

"उकरणारा आणि ब्लीचसारखा वास येणारा. हा माणसाच्या तोंडात राहतो. हिरडीच्या कडेला, दातांच्या सांदीत. तिथे असतो तोवर गुण्यागोविंदाने नांदतो. सांध्यात गेला की मात्र हाड पोखरतो." तिने उरलेल्या तपासण्या लावल्या. रंग, काड्यांचा आकार, दोन रसायनं. सगळी उत्तरं एकाच दिशेला बोट दाखवत होती. मग तिने काकांची औषधं पाहिली आणि हलकीच शीळ वाजवली. कातडीवरच्या नेहमीच्या जंतूंसाठी एक, खोल जखमेत हवेशिवाय जगणाऱ्यांसाठी दोन. तिन्ही चांगली औषधं. आणि तिन्हींच्या नाकावर टिच्चून जगणारा हा एकच पठ्ठ्या. त्याला लागू पडायचं ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं जुनं, साधं औषध, आणि ते कुणी दिलंच नव्हतं.

तिने सर्जनला फोन केला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तोंडातला जंतू. म्हणजे मी म्हणालो तेच. कुणाच्या तरी दातावर ठोसा बसलाय."

"ते नाही म्हणतात."

"मग तो बोटात आला कुठून? चालत? हे बघा, तुम्ही हुशार आहात. पण तोंडातला जंतू तुमच्या तात्याच्या शिंकेतूनही प्लेटवर पडू शकतो. एकतर काका खोटं बोलतायत, नाहीतर तुमची प्लेट. औषध बदलून मी सर्जरी पुढे ढकलली आणि प्लेट खोटी निघाली, तर त्या माणसाचा पंजा जाईल. मला दात आणून द्या, मी थांबतो."

रागवावं असं त्यात काही नव्हतं. त्याच्या जागी असती तर तिनेही हेच विचारलं असतं. "देते," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

काकू वॉर्डाच्या दारातच भेटल्या. जंतूबाईने आडपडदा न ठेवता विचारलं, "काकू, काकांना कुणी चावलं होतं का? घरात, खेळता खेळता, चुकून?"

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "घरात आम्ही दोघंच. म्हणजे मी चावले, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही…"

"अहो डॉक्टरीणबाई, माझे वरचे दात काढून वाटीत ठेवावे लागतात. नवऱ्याला चावायचं म्हटलं तर आधी उठून ते शोधायला लागतील. तोवर राग जातो!"

आतून सिस्टर खळखळून हसली. जंतूबाईही हसली आणि आत वळली. आत काका बेडच्या कडेला बसले होते. गुडघ्यांत वॉर्डातलं एक गोल स्टूल उलटं धरलेलं. त्यावरचं रेक्झीन किती दिवस फाटकं होतं, आणि सिस्टरने सहज म्हटल्याबरोबर काकांनी घरून पिशवी मागवून घेतली होती. डावा हात गळ्यातल्या झोळीत, उजव्या हातात एक सडपातळ हातोडी.

"उद्या बोट कापणार, आणि आज हे उद्योग," काकू म्हणाल्या. "हातोडी दिली नसती तर पळून गेले असते. म्हटलं, घ्या. कापड मी ताणते."

काकूंनी कापड ताणलं. काकांनी हातोडी तोंडाशी नेली. हातोडीच्या टोकाला चुंबक होतं. ओठांतून काहीतरी चकाकत बाहेर आलं, टोकाला चिकटलं, आणि टक्! रेक्झीनच्या कडेला बसलं. पुन्हा तोंडाशी. पुन्हा टक्!

जंतूबाईची पावलं थांबली.

"काका, तोंडात काय आहे तुमच्या?"

ओठ न हलवता काका म्हणाले, "चुका."

"काय?"

"चुका हो, चुका!" काकूंना दुभाष्याचं काम नवं नव्हतं. "बारीक खिळे. लग्न झाल्यापासून बघतेय, ह्यांच्या तोंडात सदा चुका. मला आधी वाटलं, स्वभाव लाजरा आहे. नंतर कळलं, तोंड उघडलं तर खिळे सांडतील म्हणून गप्प असतात. आता तोंड रिकामं असलं तरी गप्पच. सवय!"

चूक. बारीकशी चूक होती, साहेब. लहानशीच होती, आत शिरली.

हा शब्द जंतूबाईला ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. भिंतीवर कॅलेंडर टांगताना स्टुलावर चढलेले आजोबा खाली हात करून म्हणायचे, "एक चूक दे गं," आणि ती डबीतून शोधून द्यायची. पण हॉस्पिटलच्या दारातून आत आलं की त्या शब्दाचा एकच अर्थ उरतो. औषधाची चूक, नोंदीची चूक, कुणाची चूक. बिचारे काका पहिल्या दिवसापासून खिळ्याबद्दल सांगत होते आणि सगळे डॉक्टर त्यांचा कबुलीजबाब ऐकत होते. तीसुद्धा.

"काका, त्या दिवशी नेमकं काय झालं? सगळं सांगा. आधी त्या चुका बाहेर काढा."

काकांनी तळहात पुढे करून मूठभर चुका त्यावर काढल्या. ओल्या, चकचकीत. काकूंनी पटकन रुमाल पुढे केला.

"मोठा सोफा होता. जाड कापड. डाव्या मुठीत कडेला घट्ट ओढून धरलं होतं. हातोडीने तोंडातली चूक उचलली, मारली, आणि कापड सटकलं. घाव मुठीवर. चूक अर्धी आत. दातानेच धरून काढली." ते जरा थांबले. "साहेबांना सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "आम्हाला ऐकू आलं नाही."

तिने रुमाल उचलला तो तसाच सर्जनच्या खोलीत नेला आणि त्याच्या टेबलावर उलगडला.

"हे घ्या तुमचे दात."

सर्जनने खिळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे काय?"

"चुका. काका त्या तोंडात धरतात, थुंकीत भिजवतात आणि हातोडीने मारतात. त्यातली एक सरळ सांध्यात गेली. कुणी कुणाला चावलेलं नाही सर, त्यांनी स्वतःलाच खिळ्याने चावलंय. आणि जंतू पहिल्या पट्टीवर होता, सांध्याच्या तळातून घेतलेल्या दाण्यातही आहे. तात्याला शिंक येऊन तो दोन्हीकडे पडला नसणार."

सर्जन खुर्चीत मागे रेलला. "बारीकशी चूक होती, नडली," तो पुटपुटला, आणि एकदम एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरची नर्स आत डोकावली. "आणि मी त्यांना राग आवरण्यावर भाषण दिलं! काका काही बोलले नाहीत हो."

"त्यांना सवय आहे."

त्याने कागद ओढून जुनी औषधं खोडली, नवं लिहिलं. "सांधा आज पुन्हा धुतो. खिळ्याचा तुकडा वगैरे राहिलाय का तेही पाहतो. उद्याची सर्जरी रद्द नाही, सोमवारवर. सोमवारी सूज आहे तशीच असेल तर तुम्ही माझ्याशी वाद घालायचा नाही."

"नाही घालणार. पण उतरेल."

"एवढी खात्री?"

"प्लेटमध्ये आज त्या औषधाची चकती ठेवलीय. तिच्याभोवती तो उगवणार नाही. उद्या फोटो पाठवते."

फोटो गेला. चकतीभोवती रुंद, स्वच्छ वर्तुळ होतं. सोमवारी बोट काढायचा विषयच निघाला नाही, कारण कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या होत्या. सुजलेल्या जागेवर सुरकुती पडणं ही केवढी मोठी गोष्ट, हे काकांना समजावून सांगावं लागलं. सुरकुती बघून आनंद व्हायची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. औषध पुढेही बरेच दिवस चाललं. सांधा थोडा आखडला, व्यायामाचा चेंडू दाबून दाबून काका वैतागले, पण बोट हाताला राहिलं.

घरी सोडताना सर्जन म्हणाला, "काका, पुन्हा चूक करू नका."

"करतो कुठे, ठोकतो. रोज ठोकणार," काका म्हणाले. "तोंडात नाही धरणार."

काही आठवड्यांनी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. बरोबर पिशवी आणि काकू. जंतूबाईच्या स्टुलाचं रेक्झीन फाटलंय, ही बातमी सिस्टरने पोचवली होती. नको-नको म्हणेपर्यंत काकांनी स्टूल उलटं केलंही. मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा होता, त्यावर चुंबकाची चकती, आणि चकतीवर चुका उभ्या राहिल्या होत्या, साळिंदराच्या काट्यांसारख्या.

"हे मी स्वतः केलंय," काका म्हणाले. "आधी वाटी ठेवून पाहिली. वाटी लवंडते. मग खिसा. खिशात टोचतात. मग म्हटलं, लोखंड लोखंडालाच सांभाळेल. तसा आमच्याकडे पूर्वी एकजण होता, तो टोपीला लावायचा, पण टोपी काय, वारा आला की… तात्या, तुम्ही टेबल पुसताय ते उभं पुसा, आडवं पुसलं की कडेला मळ राहतो. रेक्झीनचंही तसंच असतं, मी सांगतो तुम्हाला…"

तात्याने फडकं हातात धरून काकूंकडे पाहिलं.

काकू जंतूबाईच्या कानाशी लागल्या. "बोट वाचवलंत, उपकार झाले. पण तोंड रिकामं करून ठेवलंत त्याचं काय करू? सकाळपासून हे असंच चालू असतं. त्यावर काही औषध आहे का?"

"त्याचा नमुना घ्यावा लागेल," जंतूबाई म्हणाली.

शेवटची चूक बसली. काकांनी स्टूल सुलटं केलं आणि बोलता बोलता डाव्या हाताची तर्जनी, मुळाशी पांढरट वण असलेली, नव्या रेक्झीनच्या कडेखालून फिरवली. अर्ध्या फेरीत बोट थबकलं. काकाही बोलायचे थांबले.

"इथे सुरकुती आहे एक."

जंतूबाईने वाकून पाहिलं. दिव्याखाली धरून पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही.

"असेल," ती म्हणाली. "काढा."